सभागृहाच्या दाराचे राखणदार: संसदीय सभागृहातील प्रशासन आणि सुरक्षाव्यवस्था

कायदेमंडळाच्या सभागृहातील सुरक्षाव्यवस्था कोणाच्या हुकमतीखाली असावी, हा प्रश्न वरवर पाहता बंदोबस्ताचा वाटत असला तरी संसदीय राज्यपद्धतीत तो मुळात सत्तेच्या वाटणीचा प्रश्न आहे. पोलीस आणि निमलष्करी दले मंत्रिमंडळाच्या अखत्यारीत असतात आणि सभागृहाचे पहिले काम मंत्रिमंडळाला जाब विचारणे हे असते, तेव्हा जाब देणाऱ्याच्या शिपायांनी जाब विचारणाऱ्याच्या दारावर उभे राहावे काय, अशी ही अडचण आहे. तिचे उत्तर बहुतेक संसदांनी एकाच दिशेने शोधले. इमारतीबाहेरचा रस्ता पोलिसांकडे, आवार दोघांच्या समन्वयाकडे आणि प्रत्यक्ष सभागृह मात्र पीठासीन अधिकाऱ्याकडे, म्हणजे अध्यक्ष किंवा सभापती म्हणून आसनावर बसलेल्या व्यक्तीकडे, अशी ती वाटणी आहे. भारतात गेल्या शंभर वर्षांत ही वाटणी कशी घडली, कोठे टिकली आणि अलीकडे कोठे सैल होत आहे, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

या संकेताचे मूळ इंग्लंडच्या इतिहासात सापडते. ४ जानेवारी १६४२ रोजी राजा पहिला चार्ल्स सशस्त्र शिपाई बरोबर घेऊन पाच सदस्यांना पकडण्यासाठी हाउस ऑफ कॉमन्समध्ये शिरला, तेव्हा सभापती विल्यम लेंथॉल यांनी ते सदस्य कोठे आहेत हे सांगण्यास नकार दिला आणि सभागृहाच्या आज्ञेवाचून आपल्याला काही पाहता किंवा बोलता येत नाही, अशी भूमिका घेतली. त्यानंतर इंग्लंडच्या कोणत्याही राजाने कॉमन्सच्या सभागृहात पाऊल ठेवलेले नाही, आणि अधिवेशनाच्या उद्घाटनावेळी राजाचा दूत म्हणून येणाऱ्या ब्लॅक रॉड या अधिकाऱ्याच्या तोंडावर दार लावून घेण्याची प्रथा आजही पाळली जाते. भारतातील व्यवस्था या परंपरेतून आली हे खरे असले, तरी ती नुसती उसनवारी नव्हती, कारण येथे हा अधिकार परकीय सरकारशी भांडून मिळवावा लागला.

ते भांडण विठ्ठलभाई पटेल यांचे होते. मुंबईच्या राजकारणात घडलेले विठ्ठलभाई १९२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय विधानसभेचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले. त्या वेळी सभागृहाचा कर्मचारीवर्ग सरकारच्या विधी खात्याचा भाग होता, म्हणजे अध्यक्षांना सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यांची बढती आणि बदली सरकारच्या हाती होती. अध्यक्षाच्या निःपक्षपातीपणाला या व्यवस्थेत अर्थ उरत नाही हे ओळखून त्यांनी स्वतंत्र कार्यालयाचा आग्रह धरला आणि १० जानेवारी १९२९ पासून विधानसभेचे वेगळे खाते अस्तित्वात आले. आजच्या लोकसभा सचिवालयाची वंशावळ या खात्यापासून सुरू होते. पुढे तीनच महिन्यांनी, ८ एप्रिल १९२९ रोजी, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षक गॅलरीतून सभागृहात बाँब टाकले व पत्रके भिरकावली. कामगारविषयक औद्योगिक कलह विधेयक तेव्हा नुकतेच संमत झाले होते आणि सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर अध्यक्षांचा निर्णय अपेक्षित होता. ऐकू न येणाऱ्यांच्या कानावर आवाज घालणे एवढाच आपला हेतू होता, असे या दोघांनी नंतर न्यायालयात सांगितले.

या घटनेनंतर सरकारने गॅलऱ्यांवर पोलिसांचा ताबा असावा असा आग्रह धरणे स्वाभाविक होते. विठ्ठलभाईंची बाजू अशी, की बंदोबस्त हवा याबद्दल वाद नाही, पण सभागृहाच्या भिंतीआत हुकूम अध्यक्षाचाच चालेल. सप्टेंबर १९२९ मध्ये गृहसदस्य सर जेम्स क्रेरार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तरी मतभेद मिटण्यास वेळ लागला आणि दरम्यान प्रेक्षक गॅलऱ्या बंद ठेवण्यापर्यंत अध्यक्षांनी ताणले. त्यातून निघालेल्या तोडग्यातून ‘वॉच अँड वॉर्ड’ हे पथक उभे राहिले, ज्याचे कर्मचारी अध्यक्षांच्या आज्ञेत असत. पोलीस खात्यातून अधिकारी मागवला तरी आत असेपर्यंत तो गृहखात्याचा नव्हे, सभागृहाचा चाकर समजला जाई. भारतीय संसदीय सुरक्षेचे तत्त्व असे पारतंत्र्यातच ठरले आणि ते ठरवणाऱ्याला त्या काळी सरकारचा रोष पत्करावा लागला, ही गोष्ट आजच्या चर्चेत फारशी आठवली जात नाही याची खंत वाटते. याच पथकाचे नाव २००९ मध्ये ‘संसद सुरक्षा सेवा’ असे झाले.

संविधानाने या तत्त्वाला पक्के अधिष्ठान दिले. अनुच्छेद ९८ प्रमाणे संसदेच्या प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्ग असतो आणि अनुच्छेद १८७ राज्य विधानमंडळांना तीच तरतूद लागू करतो. मुंबईत विधानभवनातील सचिवालय मंत्रालयाचा विभाग नसते ते याचमुळे. अनुच्छेद १०५ आणि १९४ सभागृहाचे व सदस्यांचे विशेषाधिकार सांगतात, ज्यांच्या उल्लंघनाला मराठीत ‘हक्कभंग’ हा रूढ शब्द आहे, तर अनुच्छेद १२२ आणि २१२ कामकाजाच्या पद्धतीत न्यायालयाला हात घालू देत नाहीत. लोकसभेच्या सचिवालयीन सेवेचे भरती व सेवाशर्तींचे नियम १९५५ चे आहेत, म्हणजे दादासाहेब मावळंकर यांच्या कारकिर्दीतले. १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद सांभाळलेल्या आणि मूळ कोकणातल्या घराण्यातल्या मावळंकरांनी सचिवालयाची स्वायत्तता हा आपल्या कामाचा गाभा मानला होता.

सभागृहात प्रत्यक्ष कोण काय करतो हे पाहिल्याशिवाय या स्वायत्ततेचा अर्थ कळत नाही. आसनाच्या खाली महासचिव आणि त्यांचे अधिकारी ज्या मेजाशी बसतात तो सभागृहाचा पटल, म्हणूनच कागदपत्रे ‘पटलावर ठेवली’ असे म्हटले जाते. त्याजवळ प्रतिवेदक, म्हणजे शब्दन्‌शब्द टिपून घेणारे कर्मचारी, थोड्या थोड्या वेळाने पाळी बदलत बसतात. सदस्यांच्या चिठ्ठ्या आणि कागद इकडून तिकडे नेणारे सभागृह-परिचर वेगळे, आणि आसनाच्या दोन्ही बाजूंना उभे राहणारे, अध्यक्षांच्या आगमनाची घोषणा करणारे गणवेशातील मार्शल वेगळे. पटल व आसन यांच्या पुढच्या मोकळ्या जागेला ‘वेल’ किंवा मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत ‘हौदा’ म्हणतात. सुरक्षा कर्मचाऱ्याचे काम येथे पहारा देण्यापुरते नसते. मतविभाजनाची मागणी झाली की लोकसभेत साडेतीन मिनिटे घंटा वाजते आणि ती थांबताच लॉबीची दारे बंद होतात. त्यानंतर बाहेर राहिलेला सदस्य, मग तो पंतप्रधान असला तरी, मतदान करू शकत नाही. दोन-चार मतांवर सरकार तरणार की पडणार हे ठरण्याच्या दिवशी ते दार योग्य क्षणी लावणारा माणूस कोणाचा आहे, याला किती महत्त्व येते हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

दारावरच्या माणसाची दुसरी कसोटी ओळखीची असते. सदस्याला अडवायचे नाही आणि सदस्य नसलेल्याला आत सोडायचे नाही, एवढाच नियम असला तरी निवडणुकीनंतर येणारे शेकडो नवे चेहरे पाठ असल्याशिवाय तो पाळता येत नाही. संसद सुरक्षा सेवेतील कर्मचारी वर्षानुवर्षे त्याच वास्तूत काम करीत असल्याने त्यांच्याकडे हे भांडवल असते, आणि दर काही वर्षांनी बदलून जाणाऱ्या दलाकडे ते साचत नाही.

आता सभागृहाच्या आतील शिस्तीकडे वळता येईल. लोकसभेच्या नियम ३७३ नुसार अध्यक्ष एखाद्या सदस्याला त्या दिवसापुरते बाहेर जाण्यास सांगू शकतात. नियम ३७४ नुसार सदस्याचे नाव आसनावरून उच्चारून, म्हणजे त्याच्यावर अवमानाचा ठपका ठेवून, सभागृहाच्या ठरावाने त्याला उरलेल्या अधिवेशनासाठी निलंबित करता येते. डिसेंबर २००१ मध्ये जोडलेल्या नियम ३७४अ ने हौद्यात उतरून कामकाज रोखणाऱ्या सदस्याचे ठरावाशिवाय, लागोपाठ पाच बैठका किंवा उरलेले अधिवेशन यांपैकी जो काळ कमी तेवढा, आपोआप निलंबन होण्याची सोय केली. सदस्य तरीही हटला नाही तर मार्शलांना पाचारण केले जाते. राज्यसभेत १९६२ मध्ये गोडे मुरहरी यांना असे बाहेर नेण्यात आले, आणि मार्च २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयकाच्या वेळी निलंबित झालेल्या सात सदस्यांना मार्शलांनी उचलून नेल्याचे दृश्य साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. मार्शलाची स्थिती या प्रसंगी फार अवघड असते, कारण ज्याला तो हात लावतो तो लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी असतो आणि उद्या सकाळी त्याच्याचसाठी त्याला दार उघडायचे असते.

महाराष्ट्राच्या विधानमंडळाने या विषयाला बरीच सामग्री पुरवली आहे. येथे अध्यक्षांच्या पुढे ठेवलेला राजदंड, म्हणजे सभागृहाच्या अधिकाराचे प्रतीक, पळवून कामकाज थांबवण्याचा प्रकार निषेधाची जवळजवळ रूढ रीत बनला आहे, त्यामुळे मार्शलांचे लक्ष सदस्यांइतकेच त्या दंडाकडे लागलेले असते. १९६४ मध्ये जांबुवंतराव धोटे यांना सभागृहातील वर्तनाबद्दल विधानसभेने बडतर्फ केले. नोव्हेंबर २००९ मध्ये अबू आझमी यांनी हिंदीत शपथ घेतल्यावरून त्यांच्यावर सभागृहातच हात उचलला गेला आणि मनसेच्या चार आमदारांना चार वर्षांसाठी निलंबित करण्यात आले, जे निलंबन नंतर मागे घेतले गेले. निलंबनाच्या मुदतीचा प्रश्न मात्र न्यायालयात गेला तो ५ जुलै २०२१ च्या घटनेवरून. त्या दिवशी तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी गैरवर्तन केल्याच्या कारणाने भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आशिष शेलार यांच्या याचिकेवर निर्णय देताना चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरवले. बडतर्फीनंतर जागा रिकामी होते व पोटनिवडणूक होते, तर वर्षभराच्या निलंबनात जागा भरलेली राहून मतदारसंघ मात्र मुका होतो, म्हणून असे निलंबन बडतर्फीहूनही वाईट ठरते, हे न्यायालयाचे विवेचन मूलगामी आहे. शिस्तीचा हेतू कामकाज पूर्ववत सुरू करणे हा आहे, बहुमताने विरोधकांची संख्या घटवणे हा नव्हे, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, त्यातली बहुतेक निलंबने अधिवेशनाच्या मुदतीत बसणारी असली तरी या निकषावर ती उतरतात का, असा प्रश्न विचारणे गैर ठरणार नाही.

विशेषाधिकाराला मर्यादा आहे, हेही न्यायालयाने तितक्याच स्पष्टपणे सांगितले. केरळ विधानसभेत १३ मार्च २०१५ रोजी अर्थसंकल्प मांडताना झालेल्या मोडतोडीचा खटला मागे घेण्याची राज्य सरकारची विनंती जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली आणि सार्वजनिक मालमत्तेची नासधूस हे संसदीय कार्य होऊ शकत नाही, असे म्हटले. महाराष्ट्रातील याहून क्लेशदायक घटना मार्च २०१३ ची आहे, जेव्हा विधानभवनाच्या आवारात एका पोलीस अधिकाऱ्याला आमदारांनी मारहाण केली व पाच आमदार निलंबित झाले. आवारात अध्यक्षांच्या परवानगीवाचून अटक करता येत नाही, हा लोकसभेच्या नियम २३२ मध्ये नोंदलेला संकेत सदस्याला सरकारच्या दडपणापासून वाचवण्यासाठी आहे. त्याचा आडोसा घेऊन गणवेशातल्या माणसावर हात टाकता येत असेल, तर त्या संकेताचा आधारच ढासळतो. राखणदारांच्या सुरक्षेचा विचार आपल्याकडे सर्वांत कमी झाला आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

प्रेक्षकांचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. संसदीय भाषेत सदस्य किंवा अधिकारी नसलेली प्रत्येक व्यक्ती ‘त्रयस्थ’ असते, आणि लोकसभेचे नियम ३८६ ते ३८७अ त्रयस्थांना प्रवेश देणे, गॅलरी रिकामी करणे आणि त्यांना बाहेर काढणे याचे अधिकार अध्यक्षांना देतात. गॅलरीत घोषणा देणे किंवा पत्रके टाकणे हा सभागृहाचा अवमान असल्याने सभागृह स्वतः शिक्षा देऊ शकते. १९७४ मध्ये घोषणा देणाऱ्या एका प्रेक्षकाला लोकसभेने महिनाभर तुरुंगात धाडले होते. एरवी बहुतेकांना ताकीद देऊन सोडले जाते. लोकांनी आपले प्रतिनिधी काम करताना पाहावेत, यासाठीच गॅलरी असते, म्हणून ती बंद करणे हा कधीच पहिला उपाय असू शकत नाही.

प्रेक्षकाच्या पासाची सारी मदार सदस्याच्या शिफारशीवर असते. ही व्यक्ती आपली नातेवाईक किंवा वैयक्तिक परिचयाची आहे आणि तिची पूर्ण जबाबदारी आपण घेतो, असे सदस्याने लिहून द्यायचे असते. मतदारसंघातून आलेल्या माणसाला नकार देणे कोणत्याही लोकप्रतिनिधीला जड जाते, त्यामुळे ही सही कालांतराने उपचारापुरती उरली. १३ डिसेंबर २०२३ रोजी, संसदेवरील २००१ च्या हल्ल्याला बावीस वर्षे पूर्ण होत असताना, शून्य प्रहरात दोन तरुण लोकसभेच्या गॅलरीतून सदस्यांच्या बाकांवर उतरले आणि बुटांत दडवलेल्या नळकांड्यांतून त्यांनी पिवळा धूर सोडला. इमारतीबाहेर घोषणा देताना पकडलेल्या दोघांपैकी एक लातूर जिल्ह्यातला होता. आत शिरलेल्यांचे पास भाजपचे खासदार प्रताप सिम्हा यांच्या कार्यालयाच्या शिफारशीवर निघाले होते. त्यांना आधी पकडले ते खासदारांनीच. सुरक्षेच्या आठ कर्मचाऱ्यांचे निलंबन झाले, धातू शोधणाऱ्या चौकटीतून प्लॅस्टिकची नळकांडी सुटतात याची चर्चा झाली, नव्या सभागृहातील गॅलरी जुन्यापेक्षा खाली आहे याकडे सदस्यांनी लक्ष वेधले. पण साखळीचा पहिला दुवा ती सही होती, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले गेले. ब्रिटिश संसदेतही नेमके असेच घडले होते: तेथे गॅलरीपुढे काचेची भिंत उभारली गेली आणि त्यानंतर लवकरच, १९ मे २००४ रोजी, भिंतीपुढच्या राखीव आसनांवर पाहुणे म्हणून आलेल्यांनी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यावर जांभळे पीठ फेकले. काच परक्यांसाठी होती आणि पीठ पाहुण्यांकडून आले.

याउलट १३ डिसेंबर २००१ चा हल्ला बाहेरच्या वर्तुळावरचा होता. गृहमंत्रालयाचा बनावट परवाना लावलेल्या पांढऱ्या गाडीतून पाच दहशतवादी आवारात शिरले, तेव्हा दोन्ही सभागृहे तहकूब झालेली असली तरी अनेक सदस्य आत होते. गाडीचा संशय आल्याने तिच्यामागे धावलेले जगदीश प्रसाद यादव आणि दारे बंद करण्यासाठी पुढे झालेले मातबर सिंग नेगी हे दोघेही वॉच अँड वॉर्डचे कर्मचारी. यादव यांच्याजवळ तर शस्त्रही नव्हते. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कमलेश कुमारी यांनी ओरडून सावध केले. तिघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, दिल्ली पोलीस दलाचे जवान व एक माळीही मारले गेले, आणि इमारतीची दारे वेळेत लागल्यामुळे एकही हल्लेखोर आत पोहोचला नाही. विठ्ठलभाईंच्या काळातल्या त्या पथकाची उपयुक्तता याहून मोठ्या किमतीने सिद्ध होण्याची गरज नव्हती.

या हल्ल्यानंतर केंद्रीय राखीव पोलीस दलाचा खास गट आवारात नेमला गेला आणि आतले वर्तुळ संसद सुरक्षा सेवेकडे राहिले. २०२३ च्या घटनेनंतर मात्र रचनाच बदलली. २० मे २०२४ पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने, म्हणजे विमानतळांवर तपासणी करणाऱ्या दलाने, ३,३०० हून अधिक जवानांनिशी संकुलाची जबाबदारी घेतली आणि राखीव दलाचा सुमारे १,४०० जणांचा गट परत गेला. झडतीतील तांत्रिक कौशल्याच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय आहे, तरी पुढच्याच महिन्यात राज्यसभेच्या एका सदस्याने, संसदेत कशासाठी जात आहात असे जवानाने आपल्याला विचारल्याची तक्रार सभापतींकडे केली. तपासनीसाच्या दृष्टीने तो प्रश्न साधा होता. सदस्याने संसदेत येण्याचे कारण कार्यकारी शासनाच्या नोकराला सांगावे लागणे, ही गोष्ट मात्र साधी नाही. कॅनडाने हाच पेच कायद्याने सोडवण्याचा प्रयत्न केला. ऑक्टोबर २०१४ मध्ये ओटावातील संसद भवनात बंदूकधारी शिरला, त्यानंतर २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांची वेगवेगळी पथके एकत्र करून नवी सेवा उभारली गेली. तिचा प्रमुख राष्ट्रीय पोलीस दलातला असतो, पण सेवा दोन्ही सभापतींना उत्तरदायी असते. त्यावरही तेथील विरोधकांनी आक्षेप घेतले, पण निदान हुकूम कोणाचा हे तेथे कागदावर लिहिलेले आहे. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही, आणि तो करण्याची वेळ आली आहे असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

मुंबईत १७ जुलै २०२५ रोजी विधानभवनाच्या लॉबीत आमदार जितेंद्र आव्हाड आणि गोपीचंद पडळकर यांचे समर्थक एकमेकांना भिडले आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी अधिवेशनकाळात आमदार, त्यांचे अधिकृत स्वीय सहायक व शासकीय अधिकारी यांनाच प्रवेश देण्याचे जाहीर केले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी दिल्लीत, मतदार यादीच्या फेरतपासणीवरून हौद्यात उतरलेल्या विरोधी सदस्यांना औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी अडवले, असे राज्यसभेतील विरोधी पक्षनेते मल्लिकार्जुन खर्गे यांनी १ ऑगस्टच्या पत्रात लिहिले. सभागृहात केवळ मार्शलच होते, असे उत्तर संसदीय कामकाज मंत्री किरेन रिजिजू यांनी दिले. हौद्यात उभा असलेला गणवेशधारी कोणाच्या आज्ञेत आहे, या प्रश्नाचे उत्तर मंत्र्याकडून यावे लागले, आणि विठ्ठलभाईंनी ज्या मुद्द्यावर गॅलऱ्यांना कुलूप लावले तो मुद्दा नेमका हाच होता.